भैयाजींच्या दंडारीतली बाई

गावातल्या कर्त्या पुरुषांत मिशी नसलेले भैयाजी बोरकुटे एकटेच होते, आणि त्याबद्दल त्यांना कोणी हसत नसे. ऐन तारुण्यात दंडारीतलं बाईचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी मिशी उतरवली, ती पुन्हा ठेवलीच नाही. नागभीडच्या आसपास दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. मंडईत दंडार, म्हणजे उघड्यावरचं नाचगाण्याचं नाटक, उभी राहते, आणि दंडारीतली बाई म्हणजे भैयाजी, हे पंचक्रोशीत ठरून गेलेलं होतं. एरवी धानाच्या बांधीत चिखल तुडवणारा हा रुंद हाडाचा माणूस लुगडं नेसून, पदर दातात धरून उभा राहिला की बायाबापड्या डोळे पुसत. त्यांची बायको रुखमाबाई मात्र कधी रडली नाही. "माहंच लुगडं, माह्याच बांगड्या, न मलेच रडू येईन काय?" असं ती म्हणे.

१९५७ सालच्या दिवाळीच्या सुटीत नागपूरहून छोट्या रुळांच्या आगगाडीनं नागभीडला आणि तिथून बैलबंडीनं गावात, अशी विद्यापीठाच्या नाट्यमंडळातली निवडक मुलं आली. त्यांच्याबरोबर त्यांचे प्राध्यापक गुणवंतराव होते. हिवाळ्यात मंडळाला युवक महोत्सवाला जायचं होतं. त्याआधी या मुलांना अभिनयाचं पुढचं शिक्षण द्यायचं, आणि तेही शहराबाहेर द्यायचं, असं गुणवंतरावांनी मनात धरलं होतं. "माझी मुलं चांगलं बोलतात," ते सांगत, "पण पहिल्या दोन रांगांपुरतं." गेल्या वर्षी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, वेळी त्यांनी भैयाजींची दंडार पाहिली होती. पडदा नाही, माईक नाही, आणि पार मागे बंडीवर चढून बसलेल्या माणसाला भैयाजींचा हुंदका ऐकू जात होता. तेव्हाच त्यांनी ठरवलं की मुलांना या माणसापुढे बसवायचं.

मुलांमध्ये एकच मुलगी होती, आणि ती भैयाजींची इंदू होती. ती नागपूरला मामाकडे राहून बी.ए. करत होती. नाट्यमंडळात ती पेटी वाजवते, अशी भैयाजींची समजूत होती.

पहिल्या दिवशी शाळेच्या पडवीत गुणवंतरावांनी ओळखी करून दिल्या. "हा जहीर. चांद्याचा. याच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान आहे. आमच्या नाटकात नायक तोच. आणि नायिका तर तुमच्याच घरची."

"नायिका?" भैयाजींनी विचारलं.

"इंदूचं काम तुम्ही पाहिलं नाही?"

भैयाजी पडवीतून उठले. ते घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. मागोमाग इंदू आली.

"तू तं म्हनत होती पेटी वाजवते."

"पेटीबी वाजवते, बाबा."

"'बी'ची गोष्ट नोको सांगू मले."

आत रुखमाबाई लाखोळीची डाळ घोटत होती. ती तिथूनच म्हणाली, "बाईचं काम मानसानं केलं तं कला, न बाईनं केलं तं बदनामी. असं काऊन जी?"

"मी लुगडं नेसतो तवा अंदर भैयाजी हाये हे सारं गाव जानते," भैयाजी म्हणाले. "इच्या लुगड्यात कोन हाये, कोनाची हाये, हे इचारतीन ना लोक. पत्रूभाऊ काय म्हनन?"

पत्रूभाऊ म्हणजे शेजारच्या पळसगावचे पाटील. त्यांचा पुतण्या पोंभुर्ण्याला मास्तर होता. त्याच्यासाठी त्यांनी, मुलगी न पाहता भैयाजींच्या नावावरच, इंदूला मागणी घातली होती आणि मंडई झाली की बोलणं पक्कं करायचं होतं. घर चांगलं होतं, मुलगा निर्व्यसनी होता. भैयाजींच्या मते याहून वरचं स्थळ त्यांच्या दारात येणार नव्हतं.

शेवटी निकाल असा लागला की इंदूनं शिबिरात बसावं, शिकावं, पण या मुलखात कुठे लोकांसमोर उभं राहू नये. नागपूरचं काय ते नंतर पाहता येईल. इंदू बरं म्हणाली. त्या दिवशी रुखमाबाईनं भैयाजींच्या ताटात वाढलेली डाळ मात्र जरा अळणीच होती.

शिबिर सुरू झालं. सकाळी भैयाजी मुलांना गावाबाहेरच्या बोडीवर नेत. ही बोडी म्हणजे धानाला पाणी देण्यासाठी बांधलेलं लहानसं तळं. मुलांना एका काठाच्या पाळीवर उभं करून स्वतः समोरच्या पाळीवर जात आणि तिकडून ओरडत, "बोला!" मुलं बोलत. भैयाजी कानाला हात लावून नुसते उभे राहत. मुलं घसा खरवडून ओरडत, तरी ते मान हलवत.

"गळ्यातून नोको, पोटातून काढा!"

"काकाजी," जहीर पाण्यावरून ओरडला, "पोटात काकीनं भात भरून ठेवला, आवाजाले जागा कुठी हाये?"

"हे ऐकू आलं!" भैयाजी ओरडले. "असंच बोल!"

दुपारी ते चालणं शिकवत. घागर कमरेवर कुठे टेकते, भरल्या घागरीनं एक खांदा कसा उतरतो, अनोळखी माणूस समोर आला तर मान आधी वळते की नजर. मुलं हसत हसत शिकत होती आणि गुणवंतराव त्यांच्याबरोबर स्वतः घागर घेऊन चालत होते. त्यांच्या हातून एक फुटली. त्याबद्दल रुखमाबाईनं त्यांना जे ऐकवलं ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

संध्याकाळी गुणवंतरावांची पाळी असे. एकदा त्यांनी पडवीत एक खुर्ची ठेवली आणि सांगितलं, "इथं बसायचं. कोणाची तरी वाट पाहायची. बाकी काही करायचं नाही." एकेक जण बसून गेला. कोणी घड्याळ पाहिलं, कोणी उसासा टाकला. गुणवंतराव प्रत्येकाला "हे केलंस, वाट पाहिली नाहीस" म्हणून उठवत होते. मग भैयाजींनाच हुरूप आला. ते बसले, आणि बसताक्षणी त्यांचा हात नसलेला पदर सावरायला गेला, दुसरा कपाळावर आडवा झाला, मान लांब झाली.

"भैयाजी, काहीच करू नका."

"काहीच नाई करू तं लोक पाहतीन काय?" भैयाजींनी विचारलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी हात मांडीखाली दाबून ठेवले, पण मग पाय हलू लागले. मुलं हसली, आणि भैयाजीही हसत उठले.

इंदू बसली. हात मांडीवर, पाठ जराशी टेकलेली. तिनं कुठं पाहिलं हेही नीट सांगता आलं नसतं. पडवीतली कुजबुज थांबली. भैयाजी भिंतीला टेकून उभे होते. काही वेळानं ते सरळ झाले, पडवीच्या कडेला गेले आणि वाकून रस्त्याकडे पाहू लागले.

"काकाजी," जहीर हळूच म्हणाला, "कोनी नाई येऊन राह्यलं."

भैयाजी वळले. पोरगी खुर्चीत होती आणि रस्ता रिकामा होता. त्यांनी खाकरून घेतलं आणि बैलांना पाणी पाजायचं निमित्त सांगून ते निघून गेले.

पुढचे दोन दिवस त्यांचं मन शिकवण्यात लागेना. बाई उभी करायची तर वीस वर्षं त्यांनी पदर वापरला, बांगड्या वाजवल्या, डोळे मोठे केले. पोरीनं काहीच न करता आपल्याला रस्त्यापर्यंत नेलं. ती लोकांपुढे उभी राहिली तर काय होईल, हे पाहायची त्यांना आता भूक लागली होती. आणि पत्रूभाऊंचं घरही हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. धानाच्या बांधीवरून फिरता फिरता त्यांना दोन्ही साधणारी युक्ती सुचली आणि ते तसेच चिखलाच्या पायांनी शाळेत आले.

शिबिराचा शेवट म्हणून मुलांनी मंडईत खऱ्या लोकांपुढे दंडार करावी, असं गुणवंतरावांनी आधीच ठरवलं होतं. मंडई नेमकी पळसगावची होती. वग भैयाजींचाच होता. नवरा बांबू तोडायला रानात जातो, बरीच वर्षं परत येत नाही, आणि येतो तो कासाराचं सोंग घेऊन, बायकोची परीक्षा पाहायला. बायको त्याला ओळखते पण ओळख देत नाही. कासार जहीर होणार होता. "बापाचंच दुकान चालवायचं होतं तं नागपूरले काऊन पाठवलं मले?" असं तो कुरकुरत होता.

"बाईचं काम इंदू करन," भैयाजी म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"पन इंदू म्हनून नाई. नागपूरचा पोरगा म्हनून. इंद्रभान. आमच्या इकडे दंडारीत खरी बाई उभी राहीन हे कोनाच्या डोक्यातच येनार नाई. पोरगाच समजतीन. तिचं पळसगावले जानं नाई, चेहरा कोनाले ठाऊक नाई. आपल्या गावच्याईले मी सांगून ठेवतो. वरून रंग."

"म्हंजे मी पोरगा व्हायचं," इंदू सावकाश म्हणाली, "न त्या पोरानं बाई व्हायचं?"

"होय."

"वा!" गुणवंतराव म्हणाले. "हा तर अवघड धडा आहे..." मग त्यांनी इंदूचा चेहरा पाहिला आणि ते थांबले. "तुझी इच्छा असेल तरच, इंदू."

इंदू बापाकडे पाहत होती. "उभं राहाले तं भेटते," ती म्हणाली. "करीन."

मग भैयाजींनी तिला आपलं सगळं दिलं. पदर दातात कसा धरायचा, ठुमका कुठे, पुरुषानं काढलेला बाईचा आवाज कसा असतो. ती भराभर उचलत होती. रुखमाबाई दारात उभी राहून पाहत होती. "बरी शिकवली," ती म्हणाली. "माही पोरगी होती, आता तुमच्यावानी दिसून राह्यली."

पळसगावची मंडई दुपारीच भरली. मैदानात उंच बांबू रोवला होता. भोवती रेवड्या, चिवडा, मातीची बैलं, बांगड्यांची दुकानं होती. माणसं एका बाजूला आणि बाया दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. मधल्या मोकळ्या जागेत ढोलकीवर थाप पडली. दंडारीचा शाहीर लटारू पुकारा करायला उभा होता. भैयाजी आज पहिल्यांदाच समोर, पाटलांच्या शेजारी बसले होते. त्यांना हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं.

"तुमी नाई उभे राहून राह्यले, भैयाजी?" पत्रूभाऊंनी विचारलं.

"आज पोट्ट्यांची परीक्षा हाये."

इंदू आली. पदर दातात, एक हात कमरेवर. ठुमका बरोबर जागी पडला आणि माणसांच्या बाजूनं शिट्टी आली. "कोन पोट्टं हाये बे?" "नागपूरचं हाये म्हनतेत." "भारी करते!" भैयाजींनी श्वास सोडला. युक्ती चालली होती.

वग पुढं सरकला. नवरा रानात गेला. बाई एकटी उरली, आणि इथं भैयाजी नेहमी छाती पिटून एक लांब हुंदका काढत. इंदूनं काढला नाही. ती चुलीपुढे बसावं तशी बसली. दातातला पदर सुटला तो तिनं पुन्हा धरला नाही. ढोलकीवाला गोंधळून थांबला. एवढ्या मैदानात दूरच्या बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती. मग जहीर बांगड्यांची माळ घेऊन आला. ती ओळखून होती, आणि ओळख दाखवत नव्हती. तिनं हात पुढे केला, आणि त्यानं बांगडी चढवताना मैदानात कोणीतरी मोठ्यानं श्वास घेतला. तो आपणच घेतला, हे भैयाजींना जरा उशिरानं कळलं.

वग संपला तेव्हा पत्रूभाऊ डोळे पुसत होते. "भैयाजी, राग नोका मानू," ते म्हणाले, "पन आता तुमाले मिशी ठेवाले हरकत नाई. ह्या पोरानं तुमची सुटी केली." आणि त्यांनी आपल्या माणसाकरवी दुकानातून नवं हिरवं लुगडं मागवलं.

दंडारीत बक्षीस मुकाट्यानं देत नाहीत. शाहीर ते डोक्यावर उंच धरतो आणि देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि गाव साऱ्या मंडईला पुकारून सांगतो. मग ते अंगावर पडतं. लटारूनं लुगडं वर धरलं.

"पळसगावचे पत्रू पाटील याईच्याकडून! पोराचं नाव सांगा!"

"इंद्रभान," गुणवंतराव म्हणाले.

"गाव?"

"नागपूर."

"बापाचं नाव?"

गुणवंतरावांनी भैयाजींकडे पाहिलं. भैयाजींनी गुणवंतरावांकडे पाहिलं. वीस वर्षं भैयाजींच्या बापाचं नाव याच मंडयांतून पुकारलं गेलं होतं, आणि तरी युक्ती करताना पोराला बाप द्यायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"सांगा बाप्पा लवकर," लटारू म्हणाला. "बिनबापाचं बक्षीस नाई पुकारत मी."

माणसं हसली. गुणवंतराव काही तरी जुळवायला लागले होते, पण नाव काही तोंडातून निघत नव्हतं. भैयाजींना नावांचा तुटवडा नव्हता. इसरू म्हटलं असतं, बुधू म्हटलं असतं, कोणतंही चाललं असतं, आणि पत्रूभाऊ उद्या बोलणं करायला आले असते. इंदू मधोमध उभी होती. ती बापाकडे पाहत नव्हती, आपल्या पायांकडे पाहत होती, आणि कोणाचं नाव येतं त्याची वाट पाहत थांबली होती.

भैयाजी उठले.

"भैयाजी बोरकुटे," ते म्हणाले.

"तुमचं नोहे जी," लटारू हसला. "पोराच्या बापाचं."

"तेच सांगून राह्यलो." आवाज पोटातून आला आणि मागे बंड्यांपर्यंत गेला. "पोरगा नोहे तो. माही पोरगी हाये. इंदू. बापाचं नाव भैयाजी बोरकुटे."

लटारूचे लुगडं धरलेले हात वरच राहिले. माणसांच्या बाजूनं गलका उठला. कोणी "हट्!" म्हणालं, कोणी उभं राहून पाहू लागलं. इंदूनं मान वर केली. तिच्या तोंडावरचा रंग गालावरून ओघळत होता, पण ती हलली नाही.

पत्रूभाऊंनी पुन्हा एकदा डोळे पुसले. मग त्यांनी फेटा नीट केला आणि हळूच, भैयाजींनाच ऐकू जाईल असं बोलले.

"आमच्या घरचं बोलनं इथी थांबलं, भैयाजी. मले चार भावांत राहा लागते."

"समजलं, भाऊ."

"पन लुगडं तिचंच हाये." आणि मग मोठ्यानं, "लटारू! काय खांब झाला काय? पुकार ना बे!"

लटारूनं पुकारलं. इंदू, भैयाजी बोरकुटे यांची पोरगी. सवयीनं त्याच्या तोंडून आधी 'पोरगा' निघालं, मग त्यानं सुधारून पुन्हा पुकारलं. पत्रूभाऊ उठून, कोणाकडे न पाहता, गर्दीतून वाट काढत गेले. त्यांच्यामागे आणखी काही माणसं उठली. मैदानात जागोजागी मोकळी जागा दिसू लागली, आणि आता मंडई मोडते की काय असं भैयाजींना वाटलं.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं एक म्हातारी हातातली काठी आपटत उभी राहिली. ती सुगंधाबाई होती, पळसगावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातून जन्मलेलं असल्यामुळे तिला गप्प बस म्हणायची सोय नव्हती.

"काऊन रे लटारू, दंडार संपली काय?"

"संपली ना, आजी."

"आमी तं मानूस समजून पाह्यली! बाई हाये म्हनून सांगाचं होतं ना अगुदर. आता पयल्यापासून करा. आमी बाई समजून पाहतो."

बाया हसल्या, आणि मग "होय, होय, पयल्यापासून!" असा त्यांचा एकच ओरडा झाला. माणसांच्या बाजूच्या रिकाम्या झालेल्या जागांवर त्या पदर सावरत सरकल्या. रुखमाबाई त्यांच्यातच होती. ती सगळ्यांत पुढे जाऊन बसली.

गुणवंतरावांनी इंदूकडे पाहिलं. तिनं हिरवं लुगडं जहीरच्या हातात दिलं, तोंड पुसलं आणि ढोलकीवाल्याला मान हलवली. जहीर बांगड्यांची माळ गळ्यात घालून पुन्हा आपल्या जागी गेला. "कासाराले येका दिवसात दोनदा गिऱ्हाईक," तो पुटपुटला.

थाप पडली. इंदू आली. भैयाजी उभेच होते. हात तसेच लोंबत होते, आणि ती पाऊल कसं टाकते ते पाहायला त्यांनी मान पुढे काढली होती.

"ओ भाऊ!" मागून एक बाई ओरडली. "बसा ना खाली! तुमच्या पाठीमांगं आमाले दिसून नाई राह्यलं."

भैयाजी खाली बसले.